एकाच जहाजांतलें पीठ आणि विष

१९५८ सालच्या एप्रिल व मे महिन्यांत केरळांत आणि त्याला लागून असलेल्या तेव्हांच्या मद्रास राज्याच्या कांहीं भागांत एक चमत्कारिक साथ उद्भवली. धडधाकट माणसें जेवून उठतात न उठतात तोंच ओकूं लागत. तोंडाला लाळ सुटे, सर्वांगास दरदरून घाम येई, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या डोक्याएवढ्या होत, हातापायांचे स्नायु आपोआप थरथरत, आणि छातींत पाणी भरल्याप्रमाणें श्वास कोंडून रोगी दगावे. पटकी म्हणावी, तर पटकींत बाहुल्या अशा बारीक होत नाहींत. शंभरांहून अधिक माणसें ह्या आपत्तींत मेलीं. शोध करतां करतां शेवटीं बोट ठेवतां आलें तें कोणत्याहि जंतूवर नव्हे, तर गव्हाच्या पिठावर. हें पीठ मुंबईहून जहाजानें कोचीनला गेलें होतें, आणि त्याच जहाजांत 'फॉलिडॉल' नांवाच्या, पिकांवर फवारावयाच्या औषधाचा माल होता. तो माल पाझरला, पिठाच्या पोत्यांत मुरला. पोतीं बंदरावर उतरलीं, दुकानांत गेलीं, आणि तेथून घराघरांत पोंचलीं.

ह्या प्रकरणांत कोणीं कोणाला मुद्दाम विष घातलें नव्हतें. औषध विकणारा आपला धंदा करीत होता, पीठ विकणारा आपला, आणि जहाजवाल्यानें जागा होती तेथें माल रचला होता. तो तसा रचूं नये असें त्याला सांगणारा पुरेसा कायदाच नव्हता. १९१९ सालचा विषांचा कायदा होता, पण तो विषाची आयात, विक्री आणि बाळगणें यांपुरता. १९१४ सालचा दुसरा एक कायदा होता, त्याचा हेतु परदेशांतून किडी व रोग देशांत येऊं नयेत एवढाच. शेतावर मारावयाचें विष कशांत भरावें, त्याच्या शेजारी काय ठेवूं नये, तें कोणीं विकावें, आणि मुळांत तें देशांत येऊं द्यावें कीं नाहीं, हें ठरविणारी एकहि जागा सरकारांत नव्हती. पीक वाढविण्याची घाई मात्र मोठी होती, आणि ती खोटी म्हणतां येणार नाहीं. ज्या देशानें १९४३ सालचा बंगालचा दुष्काळ पाहिला, त्यानें धान्य खाणाऱ्या किडीवर दया करावी असें कोण म्हणेल? पण त्या घाईंत एक शब्द फार सहज रूढ झाला. ह्या पदार्थाला खेड्यांत सर्वत्र 'औषध' म्हणतात. औषध म्हटलें कीं, तें देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवावयास कोणाला भय वाटत नाहीं.

हें फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन नांवाचें रसायन. स्फुरद आणि कर्बयुक्त पदार्थ यांच्या संयोगानें बनलेल्या विषांचें जें मोठें कुळ आहे, त्यांतलें तें एक. ह्या कुळाची ओळख करून घेण्यासाठीं थोडें मागें जाणें भाग आहे, आणि वाट आफ्रिकेवरून जाते. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यांत कालाबार म्हणून प्रांत आहे. तेथें एका वेलीच्या विषारी बिया आरोपीला खावयास घालीत. वांचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. एडिंबरोचे विषवैद्यकाचे प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन यांनीं १८५५ सालीं ह्या बीचा तुकडा स्वतःच खाऊन पाहिला. शरीर लुळें पडूं लागतांच त्यांनीं दाढीचें साबणाचें पाणी पिऊन ओकारी काढली आणि जीव वांचविला. पुढें १८६४ सालीं त्या बींतील सत्त्व वेगळें काढण्यांत आलें, आणि टॉमस फ्रेझर यांनीं एडिंबरोंतच प्रयोग करून दाखविलें कीं, ह्या विषावर ॲट्रोपीन हा उतारा आहे. ॲट्रोपीन बेलाडोना नांवाच्या झाडांतून निघतें. आपल्या ओळखीचा धोतरा त्याच घराण्यांतला, आणि त्यांतहि ह्याच जातीचीं सत्त्वें आहेत. विषावर विषाचा उतारा हें जुन्या वैद्यांचें बोलणें येथें अक्षरशः खरें ठरतें.

हें विष शरीरांत काय करतें, हें मात्र विसाव्या शतकांतच नीट उमगलें. १९२१ सालीं ऑटो लोवी ह्या शास्त्रज्ञानें बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून सिद्ध केलें कीं, मज्जातंतु हृदयाला जो हुकूम देतो तो एका रसायनाच्या द्वारां देतो. त्या रसायनाचें नांव ॲसिटिलकोलीन. हुकूम बजावला गेला कीं, तो तत्काळ पुसला गेला पाहिजे. पाटीवरचें अक्षर पुसल्याशिवाय जसें दुसरें लिहितां येत नाहीं, तसेंच हें आहे. शरीरांत हें पुसण्याचें काम एक विशिष्ट द्रव्य अहोरात्र करीत असतें. कालाबारची बी आणि स्फुरदाचीं हीं विषें त्या पुसणाऱ्याचेच हात बांधून टाकतात. मग हुकुमावर हुकूम सांचत जातात: लाळ थांबत नाहीं, घाम थांबत नाहीं, स्नायु आधीं थरथरतात आणि मग थकून निपचित पडतात, आणि ज्या स्नायूंनीं छाती हलते तेहि थकले कीं, सर्व संपतें. फरक एवढाच कीं, कालाबारच्या बीनें बांधलेले हात कांहीं तासांत सुटतात. स्फुरदाच्या विषाची गांठ सहसा आपोआप सुटत नाहीं. ॲट्रोपीन लाळ व छातींतला स्राव आंवरतें, परंतु ही गांठ सोडीत नाहीं. ती सोडविणारें दुसरें औषध अमेरिकेंत १९५५ सालीं पुढें आलें, आणि तेंहि वेळेवर दिलें तरच उपयोगीं पडतें.

लोवी व त्याचा इंग्रज स्नेही हेन्री डेल यांना ह्या शोधाबद्दल १९३६ सालच्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिक मिळालें. योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत, २३ तारखेस, जर्मनींतील लेव्हरकूझेन येथें गेरहार्ट श्राडर ह्या रसायनज्ञाच्या हातीं ह्याच हुकुमांचा घात करणारा पदार्थ लागला. श्राडर शोधीत होता तें मावा व सोंडे मारणारें औषध. नव्या पदार्थानें मावा तर झटक्यांत मेला. पण थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेंत त्याचा एक थेंब सांडला, आणि श्राडर व त्याचा मदतनीस यांच्या बाहुल्या बारीक होऊन त्यांना धाप लागली. लष्कराच्या उपयोगीं पडेल असा कोणताहि शोध सरकारला कळविलाच पाहिजे असा तेव्हां जर्मनींत दंडक होता. त्याप्रमाणें हा पदार्थ लष्कराकडे गेला आणि 'टाबून' नांवाचा युद्धवायु झाला. दोन वर्षांनीं त्याच हातून 'सारीन' निघाला. हाच सारीन पुढें १९९५ सालीं टोकियोच्या भुयारी रेल्वेंत सोडण्यांत आला. हिटलरनें महायुद्धांत हे वायु वापरले नाहींत. कां वापरले नाहींत, ह्यावर इतिहासकारांचे वाद अजून चालतात.

श्राडरनें मात्र आपला मूळ शोध सोडला नाहीं. माणसाला कमी आणि किडीला अधिक असें कांहीं हवें म्हणून तो शेंकडों संयुगें बनवीत राहिला, आणि १९४४ सालीं त्याला पॅराथिऑन सांपडलें. युद्ध संपल्यावर विजयी राष्ट्रांचे तपासनीस जर्मन कारखान्यांचीं दप्तरें चाळीत हिंडले, त्यांत हीहि माहिती त्यांच्या हातीं पडली; थोड्याच वर्षांत पॅराथिऑन निरनिराळ्या नांवांनीं साऱ्या जगांत विकलें जाऊं लागलें. किडीवर तें रामबाण होतें यांत शंका नाहीं. परंतु माणसाला कमी, हा जो श्राडरचा संकल्प होता, तो ह्या एका पदार्थापुरता तरी सिद्धीस गेला नाहीं. यकृतांत गेल्यावर पॅराथिऑनचें रूपांतर होऊन तें मूळच्याहून अधिक उग्र बनतें. तें पोटांतूनच जावें लागतें असेंहि नाहीं. कातडीवर सांडलें तरी रक्तांत शिरतें.

केरळांतील प्रकार म्हणजे हिंदुस्थानी निष्काळजीपणाचा नमुना, असें मानणारे कांहीं लोक त्या वेळींहि होते. त्यांनीं पुढचीं वर्षें पाहावयास हवीं होतीं. १९६७ सालीं मेक्सिकोंतील तिहुआना शहरांत ह्याच पॅराथिऑननें दूषित झालेला पाव खाऊन मुलें मेलीं. त्याच वर्षीं कोलंबिया देशांतील चिकिंकिरा गांवीं एकाच मालमोटारींतून मैदा आणि पॅराथिऑन आलें, आणि सकाळच्या पावानें कितीतरी घरांतील मुलें गेलीं. तिन्ही ठिकाणीं विष गेलें तें पिठाच्याच वाटेनें. पीठ ओलें शोषून घेतें, आणि त्याचें काय झालें तें डोळ्यांना दिसत नाहीं.

केरळांतील मृत्यूंनंतर केंद्र सरकारनें मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति जयंतीलाल छोटालाल शहा यांना चौकशीस नेमिलें. हेच शहा पुढें सरन्यायाधीश झाले, आणि १९७७ सालीं आणीबाणीच्या चौकशीनें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. पिठाची चौकशी लोक विसरून गेले. वास्तविक आज प्रत्येक शेतांत ज्या कायद्याची बाटली पोंचते त्याचें मूळ ह्या विसरलेल्या चौकशींत आहे. ताबडतोब करावयाचे उपाय वेगळे आणि कायमचे वेगळे, असा विवेक शहांनीं आपल्या शिफारशींत केला होता, आणि तो योग्यच होता. तात्पुरते उपाय होतात; कायमचे रेंगाळतात. १९६४ सालीं प्राध्यापक थॅकर यांच्या अध्यक्षतेखालीं तज्ज्ञांची समिति बसली. कायदा संसदेनें संमत होऊन पुस्तकांत आला तो १९६८ च्या सप्टेंबरांत, आणि प्रत्यक्ष अमलांत आला १ ऑगस्ट १९७१ रोजीं. तेरा वर्षें! केरळांत ज्या उन्हाळ्यांत तीं माणसें मेलीं त्या उन्हाळ्यांत जन्मलेलें मूल एवढ्या अवधींत प्राथमिक शाळा संपवून इंग्रजीचे धडे घोकूं लागलें होतें.

कायदा कागदावर वाईट नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. नोंदणीवांचून कोणतेंहि कीटकनाशक देशांत बनवूं नये, आणूं नये, विकूं नये. नोंदणी करणारी समिति असावी, तिच्यावर सल्ला देणारें मंडळ असावें. विक्रेत्याला परवाना असावा. विषबाधेचीं प्रकरणें सरकारला कळविलीं जावीं. अन्नाशेजारी विष ठेवूं नये, तें वेगळ्या खोलींत कुलपाखालीं असावें, रेल्वेनें जातांना काय दक्षता घ्यावी, हें सारें नियमांत आलें. जहाजाचा धडा अशा रीतीनें अक्षरांत उतरला. याशिवाय प्रत्येक डब्यावर एक चौकोन आणि त्यांत रंगीत त्रिकोण छापावा असें ठरलें. प्रयोगांतील प्राण्यांपैकीं निम्मे मरावयास त्यांच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागें किती मिलिग्रॅम विष पोटांत जावें लागतें, ह्यावर तो रंग ठरतो: ५० पर्यंत तांबडा, ५०० पर्यंत पिंवळा, ५००० पर्यंत निळा, आणि त्यापुढें हिरवा. तांबड्यावर कवटी आणि दोन हाडें. हें माप थोडें उलटें आहे, हें ध्यानांत घ्यावें लागतें. आंकडा जितका लहान तितकें विष भयंकर. पॅराथिऑनचा आंकडा उंदरांत सुमारें २ ते १३ च्या दरम्यान येतो. कातडीवाटे जाणाऱ्या विषाचेंहि स्वतंत्र माप कायद्यांत धरलें आहे. तथापि सारी व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे डबा हातांत घेणारा माणूस तो वाचील. माहितीचा कागद प्रांतिक भाषेंत असावा असा नियम असला, तरी ज्याला अक्षरओळख नाहीं त्याला मराठी काय आणि इंग्रजी काय, दोन्ही सारखींच. आणि ज्याला आहे त्याच्यासाठीं तो कागद इतक्या बारीक टाइपांत छापतात कीं, भर उन्हांत बांधावर उभें राहून तो वाचणें चष्मेवाल्या पंडितासहि साधावयाचें नाहीं.

आणखी एक नियम होता, आणि तोच सर्वांत कमी पाळला गेला. रिकामा झालेला डबा फोडावा आणि वस्तीपासून दूर पुरावा. ज्या घरांत एक घट्ट झांकणाचा पत्र्याचा डबा ही वस्तु आहे, त्या घरांत ती फोडून पुरावयास सांगणें किती अवघड, हें दिल्लींत नियम लिहिणाराला समजलें नसेल. डबा धुतात, उन्हांत ठेवतात, आणि रॉकेल भरतात. रॉकेलचें काम झालें कीं, आणखी कांहीं भरतात.

पॅराथिऑनवर १९७४ सालीं भारतांत बंदी आली. पण त्याचा सख्खा भाऊ, मिथाइल पॅराथिऑन, मर्यादा घालून घालून आणखी चव्वेचाळीस वर्षें राहिला. शिवाय ह्या सुमारास एक विचित्र अदलाबदल झाली. १९६२ सालीं रेचेल कार्सन ह्या विदुषीनें डी.डी.टी.वर जोराचा आक्षेप घेतला. तें वर्षानुवर्षें मातींत टिकतें, पक्ष्यांच्या शरीरांत सांठतें. आक्षेप खरा होता. अमेरिकेनें १९७२ सालीं डी.डी.टी. बंद केलें. त्याच्या जागीं जीं आलीं त्यांत पुष्कळशीं स्फुरदाचीं विषें होतीं. तीं मातींत लवकर विरतात, म्हणून पक्ष्यांच्या अंड्यांस त्यांचा तसा त्रास नाहीं. त्रास होतो तो फवारणाऱ्याला, आणि तो त्याच दिवशीं होतो. एका अर्थानें पक्ष्यांवरचें संकट मजुरांवर ढकललें गेलें. पक्षी तरी पुरते सुटले कोठें? १९९५-९६ च्या उन्हाळ्यांत अर्जेंटिनांत नाकतोडे मारण्यासाठीं मारलेल्या मोनोक्रोटोफॉसनें हजारों ससाणे शेतांत मरून पडले.

हें मोनोक्रोटोफॉस १९६५ सालीं बाजारांत आलेलें. स्वस्त, झाडाच्या अंगांत शिरून रस शोषणाऱ्या किडीला मारणारें, आणि म्हणून कपाशीच्या मुलखांत अत्यंत आवडतें. अमेरिकेंत तें १९८८ सालीं बंद झालें. श्रीलंकेनें १९९५ सालीं बंद केलें, आणि तेथील इतिहास विशेष मनन करण्याजोगा आहे. त्या बेटावर विष पिऊन जीव देणाऱ्यांची संख्या फार वाढली होती. सर्वांत जहाल विषें बाजारांतून काढून टाकल्यावर पुढील दहा वर्षांत आत्महत्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. लोकांचीं दुःखें कमी झालीं नव्हतीं. रागाच्या त्या अर्ध्या घटकेंत हातीं लागणारी वस्तु तेवढी बदलली होती. आणि भाताचें पीक बुडालें नाहीं. भारतांत २००५ सालीं एवढेंच ठरलें कीं, मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारूं नये. कपाशीवर चालेल, वांग्यावर नाहीं. बांधाच्या अलीकडे कपाशी, पलीकडे वांगीं, आणि बाटली एकच. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं भारतांतील पुरावा तपासून हें विष बंद करावें असें सुचविलें. केरळनें, ज्याला पिठाची आठवण असावयास कारण होतें, २०११ सालीं आपल्यापुरतें तें बंद केलें. दिल्लींत विचार चालू राहिला.

१६ जुलै २०१३ रोजीं बिहारच्या सारण जिल्ह्यांतील गंडामन गांवच्या प्राथमिक शाळेंत मुलांना दुपारचें जेवण वाढण्यांत आलें. सरकारची ही योजना स्तुत्य आहे; शाळेंत पोट भरतें म्हणून कितीतरी मुलें शाळेंत येतात. त्या दिवशीं भात आणि भाजी होती. भाजी ज्या तेलांत केली होती तें तेल मोनोक्रोटोफॉसनें दूषित झालेलें होतें. स्वयंपाकिणीला तेलाविषयीं शंका आली होती, आणि ती तिनें बोलून दाखविली होती, असें तपासांत निघालें. तेवीस मुलें गेलीं. पंचावन्न वर्षांपूर्वीं पिठाचीं पोतीं होतीं, आतां तेल होतें. मध्यंतरीं एक चौकशी, एक समिति, एक कायदा आणि चार रंगांचे त्रिकोण एवढें झालें होतें. शाळेच्या मुख्याध्यापिकेला न्यायालयानें १९१६ नव्हे, २०१६ सालीं शिक्षा दिली, आणि तें योग्यच झालें असेल; परंतु असलें विष खेड्यांतील घरांत मिठामिरचीइतकें सहज कसें येऊन बसलें, हा प्रश्न त्या न्यायासनापुढें नव्हता.

त्या वर्षीं केंद्र सरकारनें डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. अन्य देशांनीं बंद केलेलीं, पण भारतांत चालू असलेलीं ६६ कीटकनाशकें तिच्यापुढें होतीं. तिचें मत येऊन त्यावर अंमल होतो आहे तोंच २०१७ सालचा पावसाळा आला. यवतमाळ जिल्ह्यांत त्या वर्षीं कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. फवारा खालीं मारावयाचा तो वर तोंड करून मारावा लागे; वाऱ्यानें तो परत तोंडावर, गळ्यावर, सदऱ्यावर पडे. हातमोजे, तोंडावरचा पट्टा, चष्मा हीं नियमांत होतीं. ओल्या उकाड्यांत दिवसभर पंप पाठीवर वाहणाऱ्या रोजंदारीच्या मजुराजवळ तीं कोठून असणार? शेंकडों माणसें इस्पितळांत आलीं, आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत वीसांहून अधिक दगावलीं. बाहुल्या बारीक, तोंडाला लाळ, अंगाला घाम, ह्या खुणांची वर्णनें वाचतांना १९५८ सालचें केरळ डोळ्यांपुढें उभें राहतें. मात्र ह्या वेळीं निदान तितकें सरळ नव्हतें, कारण एकाच पंपांत दोनतीन औषधें मिसळून मारण्याची चाल पडली होती, आणि त्यांतलीं सर्व स्फुरदाच्या कुळांतलीं नव्हतीं. एका विषाचा उतारा दुसऱ्याला चालत नाहीं. राज्य सरकारनें नोव्हेंबरांत यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम ह्या जिल्ह्यांत पांच औषधांची विक्री थांबविली. थांबविली म्हणजे साठ दिवसांपुरती. १९६८ च्या कायद्यानें राज्याला तात्पुरताच तातडीचा अधिकार दिला आहे. कायमची बंदी घालणें हें केंद्राचें काम. साठ दिवस संपेपर्यंत फवारणीचा हंगाम तसाहि संपलेला असतो.

पुढच्या वर्षीं, ऑगस्ट २०१८ मध्यें, केंद्रानें अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यांत मिथाइल पॅराथिऑन होतें, मोनोक्रोटोफॉस नव्हतें. १९६८ च्या कायद्याच्या जागीं नवा कायदा करण्याचें विधेयक २०२० सालीं राज्यसभेंत मांडलें गेलें. मोनोक्रोटोफॉसचा जो द्रव प्रकार शेतकऱ्यांत सर्वांत अधिक खपत असे, त्यावर बंदीचा आदेश निघाला तो २०२३ सालच्या सप्टेंबर अखेरीस, गंडामनच्या मुलांना जाऊन दहा वर्षें झाल्यावर. दुकानांतून व गुदामांतून पडून असलेला माल खपविण्यासाठीं त्या आदेशानें आणखी एक वर्षाची मुदत दिली होती.